आयडी फॅनचं बेअरिंग एका हंगामात चार वेळा का गेलं: साखर कारखान्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातला एक सहकारी साखर कारखाना आहे, नाव सांगत नाही, तालुकाही नको, कारण यातले बरेच जण अजून तिथेच नोकरीला आहेत आणि मलाही त्या भागात फिरावं लागतं. मी तेव्हा तिथे मेकॅनिकल मेंटेनन्सला होतो. ऑइलमन, फिटर, ग्रीसचा स्टोअर इंडेंट हे सगळं माझ्या सहीने चालायचं, त्यामुळे खाली जे चुकलं म्हणून लिहिलंय त्यातलं बरंचसं माझंच आहे.

कारखान्याला को-जनरेशन आहे, म्हणजे बगॅस (उसाचं चिपाड) जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, आणि आपली गरज भागवून उरलेली वीज महावितरणला. असा प्रकल्प लागला की प्रत्येक मोटर किती वीज खाते याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, कारण आत वाचलेलं युनिट बाहेर विकता येतं. बॉयलरला दोन आयडी फॅन, धूर ओढून चिमणीकडे देणारे, प्रत्येकी २५० किलोवॅटची मोटर. पूर्वी मोटर कायम फुल स्पीडवर पळायची आणि हवा कमीजास्त करायला डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप), म्हणजे गाडीचा अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा आणि स्पीड ब्रेकने सांभाळायचा असला प्रकार. पंख्याची पॉवर स्पीडच्या घनाच्या प्रमाणात बदलते, स्पीड ८० टक्क्यांवर आणला की पॉवर ५१ टक्के, हे गणित बोर्डापुढे मांडलं की कुणीही सही करतो. तसं झालं. ऑफ सीझनला दोन्ही आयडी फॅनना व्हीएफडी ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा स्पीडच कमीजास्त करणारं इलेक्ट्रॉनिक पॅनेल, बसले.

इथेच पहिला निर्णय झाला, आणि तो निर्णय आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मोटरी जुन्याच ठेवल्या (एक तर रिवाइंड झालेली), केबल जुनीच ठेवली, साडेतीन कोरची अॅल्युमिनियम आर्मर्ड, एमसीसी रूमपासून (मोटरींच्या पॅनेलची खोली) ट्रेंचमधून साधारण १४० मीटर. ड्राइव्हवाल्याच्या कोटेशनमध्ये ड्राइव्ह होता, केबल आणि मोटरचा विषय "ग्राहकाच्या कक्षेत" असं एका ओळीत होतं. ती ओळ मी नंतर वाचली.

अडचण

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोळी पडली. सात आठवडे सगळं गुळगुळीत, ड्राइव्हच्या स्क्रीनवर युनिट वाचल्याचा आकडा दिसायचा आणि चीफ इंजिनिअर साहेब पाहुण्यांना तो दाखवायचे. डिसेंबरच्या शेवटी ए फॅनच्या मोटरला नॉन ड्राइव्ह साइडने (फॅन जोडलेला नसतो त्या बाजूने; फॅनकडची ती ड्राइव्ह साइड) आवाज सुरू झाला, घरघर नाही, एक प्रकारचा सुरात येणारा हुंकार, स्पीड बदलला की सूरही बदलायचा. दोन दिवसांत टेम्परेचर वाढलं, मोटर काढली, ६३२२ सी३ बेअरिंग बदललं, चालू.

पाच आठवड्यांनी तीच मोटर, या वेळी दोन्ही बाजूंची बेअरिंगं. फेब्रुवारीच्या मध्याला बी फॅनच्या मोटरचं नॉन ड्राइव्ह साइडचं, आणि फेब्रुवारी संपता संपता परत ए.

ज्याने साखर कारखाना आतून बघितलेला नाही त्याला याचं गांभीर्य सांगायला हवं. एक आयडी फॅन बंद म्हणजे बॉयलर निम्म्या लोडवर, म्हणजे वाफ निम्मी, म्हणजे मिल हळू, म्हणजे केन यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग. तुटलेला ऊस जितका वेळ उन्हात पडतो तितकं त्याचं वजन आणि उतारा घटतो. शेतकरी गेटवर ओरडतो, शेती अधिकारी फोनवर ओरडतो, आणि ते सगळं शेवटी एका ११० मिलिमीटर बोअरच्या बेअरिंगपाशी येऊन थांबतं. मोटर डेकवर ग्रीसने हात माखून बसलेलो असताना चेअरमनचा फोन घ्यावा लागणं काय असतं ते ज्याचं त्याला माहीत.

समजुती, आणि त्यामागे घालवलेले दिवस

पहिल्या वेळी आम्ही सगळ्यात सोपं केलं, ऑइलमनला धरलं. बेअरिंगमधलं ग्रीस काळं पडलेलं, कोरडं, जळाल्यासारखं. बघणारा प्रत्येकजण म्हणाला ग्रीस कमी पडलं. त्यामुळे ग्रीस वाढवलं, दर आठवड्याला गन लावायला सांगितली. बिचारा पंधरा वर्षं तेच काम करत होता आणि पंधरा वर्षांत त्या मोटरचं बेअरिंग एकदाच गेलं होतं, पण त्याचं कुणी ऐकलं नाही, मीही नाही.

ग्रीस किती द्यायचं याचा सगळीकडे चालणारा हिशोब असा आहे की बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५, मापं मिलिमीटरमध्ये आणि उत्तर ग्रॅममध्ये. ६३२२ चं माप ११० बाय २४० बाय ५०, म्हणजे २४० गुणिले ५० गुणिले ०.००५, बरोबर ६० ग्रॅम, आणि तेही काही हजार तासांतून एकदा. आम्ही दर आठवड्याला न मोजता भरत होतो. जास्त ग्रीस म्हणजे घुसळण, घुसळण म्हणजे उष्णता, उष्णतेने तेल सुटून वाहून जातं. दुसरं बेअरिंग पहिल्यापेक्षा लवकर गेलं त्यात याचाही हातभार असणार.

दुसऱ्या वेळी संशय बेअरिंगवर. डुप्लिकेट बेअरिंगचा धंदा आपल्याकडे आहेच, खोका अस्सल आणि आत भलताच माल असं होतं, त्यामुळे हा संशय मूर्खपणाचा नव्हता. अधिकृत डीलरकडून नवीन मागवली, कोड तपासले, अस्सल निघाली, आणि त्यातलंही एक महिन्याभरात गेलं.

तिसरी गोष्ट मी स्वतः केली. लिथियम ग्रीसऐवजी महागडं हाय टेम्परेचर पॉलियुरिया ग्रीस मागवलं, ब्रोशरवर इलेक्ट्रिक मोटरसाठी खास असं लिहिलेलं. ग्रीस चांगलंच होतं. पण मी ते जुन्या लिथियम ग्रीसवरच मारायला सांगितलं, हाउसिंग न धुता. ग्रीस म्हणजे स्पंजात धरलेलं तेल, स्पंज साबणाचा किंवा दुसऱ्या कशाचा, आणि दोन वेगळ्या जातींचे स्पंज एकत्र आले की बऱ्याचदा दोघंही तेल सोडून देतात. चार दिवसांत एंड कव्हरखालून ताकासारखं पातळ तेल गळायला लागलं. म्हणजे एक दोष शोधता शोधता मी दुसरा तयार केला. आणि गंमत अशी की बी फॅनचं बेअरिंग गेलं तेव्हा तिथे अजून जुनं लिथियमच होतं, तेव्हाच ग्रीसवरचा संशय सुटायला हवा होता.

अलाइनमेंट लेझरने करून घेतली, ठीक. फॅनचा बॅलन्स बघितला, ठीक. व्हायब्रेशनवाल्याला बोलावलं, तो म्हणाला आउटर रेसची (बॉल जिच्यात फिरतात त्या बाहेरच्या कडीची) फ्रिक्वेन्सी दिसतेय, बेअरिंग खराब आहे. ते आम्हाला कानाने कळत होतं, का खराब होतंय ते तो यंत्रावरून सांगू शकत नव्हता, आणि त्याचाही दोष नाही, आम्ही त्याला ते विचारलंच नव्हतं.

दोष सापडला तो दिवस

चौथ्या वेळी मोटर एमआयडीसीतल्या रिवाइंडिंगवाल्याकडे नेली, वाइंडिंग तपासून घ्यावं म्हणून. तिथले तात्या, सत्तरीच्या आसपास, त्यांनी काढलेलं बेअरिंग हातात घेतलं आणि विचारलं, "साहेब, आधीची कुठायत?" म्हणलं, भंगारात. तात्यांनी मान हलवली. पोराला सांगून आउटर रेस ग्राइंडरने कापून घेतली, दोन तुकडे, आतली बाजू चिंधीने पुसली आणि माझ्यासमोर धरली.

पापड लाटायचं रेघांचं लाटणं असतं ना, तसं. आडव्या रेघा, सारख्या अंतराने, एकीला एक समांतर, लोड येतो त्या बाजूला गडद आणि वरच्या बाजूला फिकट होत गेलेल्या. बॉल मात्र गुळगुळीत, फक्त चमक गेलेली, धुकं धरल्यासारखे राखाडी.

"ग्रीस कमी पडलं तर असं होत नाही," तात्या म्हणाले. "धूळ गेली तर ओरखडे पडतात, पाणी गेलं तर गंज. ह्याला करंट लागलाय. ड्राइव्ह कधी बसवला?"

दोन महिन्यांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस.

परत येताना गाडीत मला एफडी फॅन आठवला. बॉयलरला हवा आत ढकलणारा तो पंखा आयडी फॅनपासून वीस पावलांवर आहे, मोटर त्याच कंपनीची, बेअरिंग तोच नंबर, तोच ऑइलमन, तीच गन, तेच ग्रीस, तीच राख, तीच धूळ. फरक एवढाच की त्याला ड्राइव्ह नव्हता, पैसे पुरले नाहीत म्हणून तो पुढच्या वर्षावर टाकलेला. आणि तो अख्खा हंगाम शांतपणे फिरत होता. एखाद्या प्रयोगशाळेत मुद्दाम मांडावी तशी तुलना आमच्यासमोर पहिल्या दिवसापासून मांडलेली होती आणि आम्ही रोज तिच्या शेजारून जात होतो.

हे होतं कसं

थोडं थांबून हे सांगतो, कारण पुढचे निर्णय यावर उभे आहेत.

साध्या थ्री फेजमध्ये तिन्ही फेजची बेरीज कुठल्याही क्षणी शून्य येते. ड्राइव्ह मात्र डीसीचे सेकंदाला हजारो तुकडे करून त्यातून एसीसारखं काहीतरी बनवतो, आणि त्या तुकड्यांची बेरीज शून्य येत नाही. जे उरतं त्याला कॉमन मोड व्होल्टेज म्हणतात. वाइंडिंग आणि रोटर यांच्यात हवेची फट असली तरी उंच फ्रिक्वेन्सीला ती फट कपॅसिटरसारखी वागते, त्यामुळे शाफ्टवर व्होल्टेज चढतं. ते उतरायला वाट एकच, बेअरिंग.

आता बेअरिंगमध्ये बॉल आणि रेस यांच्यात तेलाची फिल्म असते, मायक्रॉनच्या आतबाहेर, माणसाचा केस याच्या पन्नास-शंभर पट जाड. तीच फिल्म धातूला धातू लागू देत नाही, बेअरिंग टिकतं ते तिच्यामुळे, आणि तीच इन्सुलेशनही आहे. एवढ्या पातळ थराला फोडायला काही व्होल्ट पुरतात. फिल्म फुटते, ठिणगी पडते, त्या जागचा धातू वितळून सूक्ष्म खड्डा पडतो, तेल जळून काळं होतं. सेकंदाला हजारो वेळा. आधी रेस धुरकट दिसते, मग बॉल त्या खड्ड्यांवरून थरथरायला लागतात आणि त्या थरथरीच्या तालावर रेघा उमटतात. काळं ग्रीस हे कारण नव्हतंच, तो परिणाम होता. आम्ही दोन महिने उलटं वाचत होतो.

मोठ्या मोटरला अजून एक भानगड असते, साधारण १०० किलोवॅटच्या पुढे ती जास्त दिसते: शाफ्ट, एका बाजूचं बेअरिंग, बॉडी, दुसऱ्या बाजूचं बेअरिंग असा गोल फिरणारा करंट. म्हणजे शाफ्टवर साठलेलं व्होल्टेज अर्थला सोडणं एक काम आणि हा गोल तोडणं दुसरं काम, एकाने दुसरं होत नाही.

इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगितलं तर त्यांनी मल्टीमीटर लावला, शाफ्ट ते बॉडी, अर्ध्या व्होल्टच्या आत. "काही नाही हो साहेब, तुमचं मेकॅनिकलचंच आहे." त्यात त्यांचं खोटं काही नव्हतं, मायक्रोसेकंदात चढून कोसळणारं व्होल्टेज साध्या मीटरला दिसतच नाही. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र) आणला, प्रोबच्या टोकाला कार्बन फायबरचा छोटा ब्रश बांधून फिरत्या शाफ्टला टेकवला. स्क्रीनवर व्होल्टेज चढत चढत जायचं आणि एकदम सरळ खाली कोसळायचं, परत चढायचं, परत कोसळायचं, शिखरं वीस व्होल्टच्या घरात. ते प्रत्येक कोसळणं म्हणजे रेसवरचा एक खड्डा. इलेक्ट्रिकलचे साहेब दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग स्वतःच म्हणाले, "चहा सांगा."

पर्याय

हंगाम संपायला पाच-सहा आठवडे होते, ऊस उभा होता. त्यामुळे पर्यायांचे दोन ढीग केले, आत्ता करता येणारे आणि ऑफ सीझनचे.

सगळ्यात खात्रीचा पर्याय म्हणजे ड्राइव्ह बायपास करून जुन्या स्टार्टरवर आणि डॅम्परवर जायचं. जुनं पॅनेल अजून जागेवर होतं, एका शिफ्टचं काम. माझं मत हेच होतं. पण मग बोर्डापुढे दाखवलेली बचत गेली, आणि ती फाइल ज्यांच्या सहीची त्यांना ते नको होतं. उघड कुणी म्हणालं नाही, "बघू, आधी दुसरं काही होतंय का" एवढंच.

इन्सुलेटेड बेअरिंग, म्हणजे आउटर रेसवर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा सिरॅमिक थर दिलेलं. साध्याच्या कितीतरी पट किंमत, आणि डिलिव्हरी सहा ते आठ आठवडे, म्हणजे या हंगामाला उपयोग शून्य. हायब्रिड बेअरिंग, ज्यात बॉलच सिलिकॉन नायट्राइडचे असतात, त्याची या साइजमधली किंमत ऐकून परचेस ऑफिसरने फोन ठेवला.

शाफ्ट ग्राउंडिंग रिंग, बाहेरची, बारीक वाहक तंतूंची, शाफ्टला हलकी टेकणारी. चांगली वस्तू, पण हातात यायला तीन आठवडे, आणि आमच्याकडे बगॅसचा भुसा आणि राख सतत उडणारी, तंतू किती दिवस स्वच्छ राहतील याची शंका.

आणि कंडक्टिव्ह ग्रीस. याचा मोह सगळ्यांनाच झाला, कारण गन भरायची आणि झालं. कार्बन किंवा धातूचे कण घातलेलं ग्रीस, करंट ठिणगीशिवाय पार होईल हा विचार. मी नको म्हणालो. एक तर आधीच दोन ग्रीसांचा काला करून ठेवला होता, तिसरं नको. दुसरं म्हणजे ते कण रेसवर काय करतील, बेअरिंग फिरून फिरून काही आठवड्यांनी वहनक्षमता तेवढीच राहील का, याचं या साइजच्या मोटरवरचं उत्तर विकणाऱ्याकडे नव्हतं. पुन्हा त्याच जागी असतो तरी हा नकार तसाच ठेवला असता.

काय केलं

हंगामातलं काम असं: ड्राइव्हची स्विचिंग फ्रिक्वेन्सी (डीसीचे तुकडे करण्याचा वेग) ४ किलोहर्ट्झवरून २ वर आणली, त्याने मोटर जास्त गाते आणि थोडी जास्त तापते, पण सेकंदाला पडणारे घाव कमी होतात. ड्राइव्ह साइडच्या शाफ्टवर कार्बन ब्रश बसवला, होल्डर आमच्याच वर्कशॉपमध्ये केला, ब्रश एका जुन्या डीसी मोटरचे. मोटरची बॉडी, फॅनचा बेस आणि ड्राइव्हचं पॅनेल रुंद चपट्या तांब्याच्या वेणीने जोडलं, कारण उंच फ्रिक्वेन्सीला गोल अर्थवायर असून नसल्यासारखी, तिला रुंद पट्टी लागते. हाउसिंग धुऊन परत लिथियम ग्रीस, ६० ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. गनचा एक दाब किती ग्रॅमचा ते ऑइलमनकडूनच मोजून घेतलं आणि गनवर पेंटने लिहिलं. तेव्हा त्याची माफीही मागितली, उशिरा का होईना.

मार्चभर बेअरिंग गेलं नाही. ब्रश मात्र दर चार-पाच दिवसांनी राख बसून निकामी व्हायचा, पुसावा लागायचा.

एक गोष्ट मात्र नजरेतून सुटली. हंगाम संपल्यावर फॅनच्या बाजूचा प्लमर ब्लॉक (फॅनच्या शाफ्टच्या बेअरिंगचं हाउसिंग) उघडला तर तिथल्या रोलर बेअरिंगच्या रेसवरही धुरकटपणा. मोटर आणि फॅन जोडणारं कपलिंग पिन बुशचं, रबरी बुश असल्याने करंट अडेल असं आम्ही धरून चाललो होतो, पण बुश झिजून पिना लोखंडाला लागत होत्या. शाफ्टवरचं व्होल्टेज मोटरपुरतं थांबत नाही, कपलिंगमधून जिथे वाट मिळेल तिथे जातं.

ऑफ सीझनला पूर्ण काम केलं: दोन्ही मोटरना नॉन ड्राइव्ह साइडला इन्सुलेटेड बेअरिंग (गोल तोडायला), ड्राइव्ह साइडला झाकण असलेली ग्राउंडिंग रिंग (शाफ्ट मोकळा करायला), तीन फेज सारख्या अंतरावर असलेली शील्डेड केबल आणि दोन्ही टोकांना शील्ड चहूबाजूंनी धरणारे ग्लँड, ड्राइव्हच्या आउटपुटवर कॉमन मोड कोर (कॉमन मोड करंट दाबणाऱ्या चुंबकीय कड्या), आणि कपलिंगचे बुश नवे. सगळ्यात जास्त पैसे केबलला गेले. तीच केबल ड्राइव्हबरोबर घेतली असती तर ट्रेंच एकदाच उघडावा लागला असता.

निकाल

पुढचा हंगाम साधारण चार महिने चालला, एकही बेअरिंग बदललं नाही. हंगाम संपल्यावर मी हट्टाने ए मोटरचं ड्राइव्ह साइडचं चांगलं चाललेलं बेअरिंग काढून कापायला लावलं, त्यावरून परचेसशी भांडण झालं. रेसवर एका पट्ट्यात हलका राखाडी डाग, रेघा नाहीत, ग्रीस तपकिरी पण काळं नाही. स्कोपवर शिखरं दोन-तीन व्होल्टपर्यंत उतरलेली. म्हणजे त्रास मेलेला नाही, दबलेला आहे. सिरॅमिकचा थरही उंच फ्रिक्वेन्सीला कपॅसिटरच असतो, थोडाफार करंट झिरपतोच.

आता यातल्या नेमक्या कुठल्या उपायाने काम केलं? सांगता येत नाही, कारण सगळे एकदम केले. कदाचित केबल आणि रिंगवरच भागलं असतं. कारखान्याच्या दृष्टीने बरोबर, शिकण्याच्या दृष्टीने वाया.

संशोधन कुठे चाललंय आणि आमच्याशी त्याचं काय

घर्षण, झीज आणि वंगण या तिघांच्या अभ्यासाला ट्रायबॉलॉजी हे नाव १९६६ मध्ये मिळालं, ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीच्या अहवालात. त्यात हिशोब मांडला होता की नीट वंगण आणि नीट डिझाइन केलं तर देशाचे वर्षाला ५१.५ कोटी पौंड वाचतील. नंतरचा, २०१७ चा, होल्मबर्ग आणि एर्देमिर यांचा अंदाज असा की जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २३ टक्के घासणाऱ्या पृष्ठभागांपायी जाते, त्यातली २० टक्के घर्षणावर मात करण्यात आणि ३ टक्के झिजलेले भाग परत बनवण्यात. त्या ३ टक्क्यांत केन यार्डात वाळणारा ऊस धरलेला नसणार.

बरीच वर्षं या क्षेत्राचा झोत घर्षण कमी करण्यावर होता, डायमंडसारखे कार्बनचे कोटिंग, ग्राफीन, सुपरलुब्रिसिटी म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.०१ च्याही खाली. भारी काम आहे, मला वाचायला आवडतं. पण बॉल बेअरिंगचं घर्षण तसंही ०.००१५ च्या आसपास असतं, तिथे वाचवायला फारसं उरलेलं नाही. आमचा प्रश्न होता बेअरिंग किती दिवस टिकतं हा, आणि तो सुटतो फिल्म नुसती किती जाड आहे यावर नाही तर तिच्यातून वीज कशी जाते यावर.

हा प्रश्न आता मोठ्या लोकांचा झाला म्हणून त्यावर काम होतंय, कारण इलेक्ट्रिक गाडी. तिच्यातही मोटर, ड्राइव्ह आणि बेअरिंग हीच तिघं, फक्त एका डब्यात कोंबलेली आणि मिनिटाला १५-२० हजार फेरे घेणारी. त्यात सिलिकॉन कार्बाइडचे नवे स्विच आले, ते जास्त झपाट्याने चालूबंद होतात, कार्यक्षमता वाढते आणि बेअरिंगवरचा मारही वाढतो. त्यामुळे हायब्रिड बेअरिंग, जी आमच्या परचेसला परवडली नाहीत, ती तिकडे वापरात येतायत. वंगण बनवणाऱ्यांपुढे पूर्वी फारसा नसलेला प्रश्न आलाय, तेलाची विद्युतवाहकता किती असावी? फार कमी असली तर व्होल्टेज साठून ठिणगी, फार जास्त असली तर गळती, आणि तेच तेल मोटरला थंडही ठेवणार, तांब्याच्या वाइंडिंगलाही लागणार. आयोनिक लिक्विड, कार्बन नॅनोट्यूब असे अॅडिटिव्ह त्यासाठी तपासले जातायत. करंट वाहत असताना झीज मोजणारी टेस्ट रिग बनवणं हेच आता वेगळं काम झालंय, कारण जुन्या बहुतेक रिगमध्ये करंटचा विचारच नव्हता.

दुसरीकडे, बॅटरीमुळे २०२१-२२ ला लिथियम हायड्रॉक्साइडचे भाव भडकले आणि लिथियम ग्रीस महाग झालं, मग बरेच ग्रीसवाले कॅल्शियम सल्फोनेट आणि पॉलियुरियाकडे वळले. भाव नंतर उतरले, पण स्टोअरमध्ये दोन-तीन जातींची ग्रीसं शेजारी शेजारी आली ती आलीच. मी जो काला केला तो उद्या कुणीही करू शकतो, त्यामुळे कुठली ग्रीसं एकत्र चालतात याचा साधा तक्ता गनच्या खुंटीपाशी लावलेला मला नॅनोट्यूबपेक्षा जास्त कामाचा वाटतो.

सेन्सरबद्दल एवढंच की व्हायब्रेशन सेन्सर, मग कितीही हुशार सॉफ्टवेअर लावा, बेअरिंग बिघडल्यावर बोलतो. शाफ्टचं व्होल्टेज कायम मोजत राहणारी छोटी यंत्रं मिळतात, ती बेअरिंग बिघडायच्या आधी बोलतात.

परत करायचं झालं तर

पहिलं गेलेलं बेअरिंग भंगारात जाऊ दिलं नसतं, त्याच दिवशी कापलं असतं. ग्राइंडरची दहा मिनिटं, आणि डिसेंबरमध्येच कळलं असतं. आता जिथे जातो तिथे काढलेलं बेअरिंग तारीख, मोटर आणि बाजू लिहून रॅकवर ठेवायला लावतो.

"यात काय बदललं" हा प्रश्न "कुणी चुकवलं" याच्या आधी विचारला असता. आम्ही मेकॅनिकल, ते इलेक्ट्रिकल, ड्राइव्ह त्यांच्या रजिस्टरला आणि बेअरिंग आमच्या, त्यामुळे ड्राइव्ह बसल्याची तारीख आणि बेअरिंग गेल्याच्या तारखा एका कागदावर कधी आल्याच नाहीत.

बायपासच्या मुद्द्यावर मी लवकर गप्प बसलो. एक फॅन बायपासवर आणि एक ड्राइव्हवर ठेवायला सुचवलं असतं तर बचतही अर्धी राहिली असती आणि पंधरा दिवसांत तुलनाही मिळाली असती. तेव्हा सुचलं नाही.

यावर दुसरी बाजूही आहे, आमचे तेव्हाचे इलेक्ट्रिकलचे साहेब अजून म्हणतात की ऐन हंगामात प्रयोग करत बसणं हा पगारी लोकांचा शौक आहे, ऊस गाळणं पहिलं. त्यांचंही चुकीचं नाही म्हणता येत.

यंदाच्या ऑफ सीझनला एफडी फॅनलाही ड्राइव्ह बसतोय असं कळलं. टेंडरचा मसुदा त्यांनी मला बघायला पाठवला होता: शील्डेड केबल, इन्सुलेटेड बेअरिंग, ग्राउंडिंग रिंग, आणि चालू केल्यावर स्कोपवर शाफ्ट व्होल्टेज दाखवल्याशिवाय बिल नाही, सगळं एका कोटेशनमध्ये. मी त्यात फक्त कपलिंगचे बुश वाढवले.